नागपूर: कुत्र्याला पहिल्यांदाच तात्पुरतं घरी ठेवायचंय (फोस्टर). पिल्लं घ्यावी की मोठी कुत्री? सल्ला हवा

केतकी_बेसा (४ मे)
नमस्कार. आमच्या भागात एक ताई जखमी कुत्री उचलून औषधपाणी करतात. सध्या त्यांच्याकडे जागाच उरली नाही. दत्तक जाईपर्यंत आम्ही कोणाला तरी ठेवून घ्यावं असं त्यांनी विचारलंय. दोन पर्याय आहेत. एक, बांधकामाच्या जागेवर सापडलेली दीड महिन्याची दोन पिल्लं. दोन, दीडेक वर्षाची गावठी कुत्री. तिला गाडीने उडवलं होतं, मागच्या पायाला प्लास्टर आहे, अजून पाच आठवडे तरी राहील.

घरात आम्ही दोघं, दहावीत गेलेली मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई. शिवाय आमची नऊ वर्षांची कुत्री चिमी. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक खोली मोकळी करता येईल, तिथे कूलर आहे. घरचे सगळे म्हणतात पिल्लंच आणू, सोपं जाईल. मला मात्र त्या कुत्रीचे डोळे विसरता येत नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांनी स्पष्ट सांगा.

धरमपेठकर (४ मे)
ताई, सहा वर्षांत अकरा कुत्री आमच्याकडे राहून गेली, त्या अनुभवावरून सांगतो. तुमच्या घरासाठी मोठी कुत्रीच योग्य. पिल्लं सोपी हा मोठा गैरसमज आहे. दीड महिन्याचं पिल्लू दर दोन तासांनी शू करतं, रात्रीसुद्धा. आणि ती दोन आहेत. दात शिवशिवतात म्हणून जे दिसेल ते चावतात, त्यात कूलरची वायरही आली. सासूबाईंच्या पायात घुटमळली तर पडायची भीती. चिमीलाही या वयात तो धिंगाणा सोसणार नाही.

पिल्लांची एकच जमेची बाजू, ती लवकर जातात. मोठ्या कुत्रीला, त्यातही मादीला, घर मिळायला महिनोन् महिने लागतात. आमच्याकडची एक आठ महिने होती. तेवढी तयारी असेल तरच हो म्हणा.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. कुत्री घरी येण्याआधी त्या ताईंशी चार गोष्टी ठरवा आणि व्हॉट्सॲपवर लिहून ठेवा: औषधाचा आणि खाण्याचा खर्च कोणाचा, डॉक्टर कोणते, रात्री काही झालं तर फोन कोणी उचलायचा, आणि तुम्हाला जमेनासं झालं तर ती किती दिवसांत परत नेतील. ताई चांगल्याच असतील, पण ज्यांच्या घरी वीस जीव आहेत त्यांना तुमची आठवण राहीलच असं नाही. माझी एका ओळखीच्या माणसाशी कायमची कटुता आली ती याच गोष्टी न बोलल्यामुळे.

आणि लिफ्ट नाही म्हणता, तर पंधरा किलोची कुत्री दिवसातून तीनदा जिन्यावरून कोण उचलणार? हे आज रात्रीच घरात विचारा.

केतकी_बेसा (४ मे)
विचारलं. हे म्हणाले, सकाळ-संध्याकाळ मी, दुपारी तू. गच्ची आमच्या वरच आहे, तिथे नेता येईल.

वाळ्याचीताटी (५ मे)
गच्ची चालते, पण दुपारी नका नेऊ जी. आता मे लागला, पुढे नवतपा, म्हणजे मेअखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, येऊन राहिला. सकाळी साडेपाचला न्या आन् मग दिवस बुडाल्यावरच. मधात न्यावंच लागलं तर हाताची मागची बाजू फरशीवर टेकवून पाहा. पाच-सात सेकंद हात ठेववत नसेल तर तिचे पंजेही भाजतात.

कुत्र्याले आपल्यासारखा घाम येत नाही, जीभ काढून धापा टाकूनच ते अंग थंड करते. अंगाचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. १०४ च्या वर गेलं, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना झोकांड्या गेल्या तर लू लागली समजा. पोटावर, जांघेत, पंज्यांवर साधं गार पाणी टाका, पंखा लावा आन् तसंच दवाखान्यात न्या. बर्फाचं पाणी नको. प्लास्टरवर पाणी जाऊ देऊ नका.

आन् कूलर! लोखंडी कूलर असेल तर अर्थिंग आजच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कुत्रे टाकीतलं, नाहीतर खाली सांडलेलं पाणी प्यायले जाते आन् करंट लागते. आपल्याकडे दर उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, मुक्या जनावराचं काय. पिण्याचं पाणी वेगळ्या मातीच्या कुंड्यात ठेवा, म्हणजे ते कूलरकडे जाणार नाही.

अबोली२ (५ मे)
पिल्लांबद्दल मला लिहायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी मी रस्त्यावरची तीन पिल्लं व्हरांड्यात ठेवली. तिसऱ्या दिवशी एकाला उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो, कुत्र्यांच्या आतड्यांचा विषाणूचा आजार. तिन्ही गेली, पाच दिवसांत. मला माहीत नव्हतं की हा विषाणू जमिनीवर महिनोन् महिने टिकतो. पुढच्या हिवाळ्यात मी त्याच व्हरांड्यात दुसरं पिल्लू आणणार होते, डॉक्टरांनी थांबवलं. साध्या फिनाईलवर विसंबू नका. ३० भाग पाण्यात एक भाग ब्लीच घालून फरशी दहा मिनिटं ओली ठेवावी लागते.

पिल्लांना सहा ते आठ आठवड्यांपासून एकत्रित लस सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, साधारण सोळा आठवडे होईपर्यंत. तोवर ती धोक्यातच असतात. चिमीची लस चुकलेली असेल तर कोणालाही आणण्याआधी ती पूर्ण करा. माझी चूक तुमच्याकडून होऊ नये एवढंच.

सेमिनरी_हिल्स (५ मे)
मी पशुवैद्यकाचं शिक्षण घेतोय. कुत्री घरी नेण्याआधी रक्त तपासून घ्या. रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये गोचीड ताप (गोचीड चावल्याने होणारा रक्ताचा आजार) फार असतो आणि वरून काही दिसत नाही. प्लेटलेट्स कमी होतात, हिरड्या फिक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळलं तर साधारण महिनाभर गोळ्या देऊन बरा होतो. गोचिडाचं औषध तिला आणि चिमीला एकाच दिवशी द्या. सेमिनरी हिल्सला नागपूर पशुवैद्यक महाविद्यालयाचा दवाखाना आहे, तिथे दाखवू शकता.

प्लास्टर रोज बघा. बोटं सुजली, गार पडली, किंवा प्लास्टरला वास यायला लागला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जिना उतरताना पोटाखालून टॉवेल धरून आधार द्या. कूलरच्या दमट हवेत प्लास्टर ओलसर होतं, म्हणून झोत थेट तिच्यावर नको.

दोघींना पहिले दहा-बारा दिवस वेगळं ठेवा. दाराच्या फटीतून वास घेऊ द्या. पहिली भेट घराबाहेर, दोघी पट्ट्यावर. जेवण कायम वेगवेगळ्या खोलीत. भात, उकडलेलं चिकन, अंडं, लाल भोपळा चालेल. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही. दूध-पोळी बहुतेकांना बाधते, सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा :)

रेबीजची लस कुत्रीला द्याच, आणि घरातल्यांनी स्वतःसाठीही डॉक्टरांना विचारा. आधीच घ्यायची लस ०, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवशी देतात. चावलं किंवा नख लागलं तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना. आधी लस घेतलेली असली तरीही.

धरमपेठकर (६ मे)
सोसायटीत कोणी बोललं तर भांडू नका. लसीचं कार्ड दाखवा, जिना स्वच्छ ठेवा. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे, पण तो कागद शेवटी काढायचा.

केतकी_बेसा (११ मे)
आणली. रक्तात गोचीड ताप निघाला, गोळ्या चालू आहेत. मुलीने नाव ठेवलंय बकुळा. पहिले दोन दिवस कोपऱ्यातून हललीच नाही, काल माझ्या हातून अंडं खाल्लं. आता माझा दुसरा प्रश्न: हिला द्यायचं कसं? मुलगी आत्ताच म्हणते, देऊ नको.

धरमपेठकर (११ मे)
रडू येतंच ताई. मला अकराव्या वेळीही आलं. पण बकुळा कायमची राहिली तर तुमची ती खोली भरली, पुढची कुत्री रस्त्यावरच राहील. मुलीला एक काम द्या. एक वही करायला सांगा आणि बकुळा रोज कशी वागते ते लिहू द्या. कशाला घाबरते, कोणाजवळ झोपते, किती वेळ एकटी राहते. 'गोड, खेळकर' असं लिहून योग्य घर मिळत नाही. ती वहीच तिला तिचं घर मिळवून देईल. देताना घर स्वतः जाऊन बघा, नसबंदी करूनच द्या, आणि वाढदिवसाची भेट म्हणून मागणाऱ्याला अजिबात देऊ नका.

केतकी_बेसा (९ जुलै)
प्लास्टर निघालं, नसबंदी झाली. मुलीने वहीवरून हे लिहिलंय, बघून सांगा:

"बकुळा, वय पावणेदोन वर्षं, वजन १६ किलो. मोटारसायकलचा आवाज आला की पलंगाखाली जाते, पाच मिनिटांनी स्वतःच बाहेर येते. मागचा डावा पाय धावताना किंचित लंगडतो, दुखत नाही. अनोळखी पुरुषांवर भुंकते, चप्पल काढून खाली बसलं की जवळ येते. चार तास एकटी राहू शकते. मोठ्या कुत्रीसोबत जमतं, मांजरांचं माहीत नाही. आजी पोथी वाचायला बसली की तिच्या पायाशी झोपते. साखळीला बांधून ठेवणाऱ्यांना देणार नाही."

वाळ्याचीताटी (९ जुलै)
लेकीनं मस्त लिहिलं जी. फक्त ते साखळीचं सगळ्यात वर घ्या.

केतकी_बेसा (९ जुलै)
घेतलं. रविवारी प्रतापनगरचं एक कुटुंब बघायला येतंय, त्यांच्याकडेही एक आजी आहेत.