फुलं बघायची तर पाऊस आलाच

(फॅमिली ग्रुप: 'फुलों की घाटी, ९ जण')

मोठे काका: सुप्रभात मंडळी 🙏 हवामान खात्याचा ऑगस्ट-सप्टेंबरचा अंदाज आला. नकाशा वर टाकलाय. उत्तराखंडावर फिकट निळा रंग आहे, राजस्थानावर गडद. म्हणजे आपण जातोय तिकडे पाऊस थोडकाच. २२ ऑगस्टला निघायचं ते निघायचं.

काकू: मग रेनकोट कशाला घ्यायचे? छत्र्यांवर भागेल.

आत्या: दादा, थांब जरा. तो रंग पावसाचा नाहीये.

मोठे काका: मग काय रांगोळीचा आहे?

आत्या: शक्यतेचा आहे. जुन्या वर्षांच्या नोंदी घेऊन तीन सारखे वाटे करतात: कमी पावसाची वर्षं, साधारण आणि जास्त. काहीच माहिती नसेल तर प्रत्येक वाट्याची शक्यता साधारण ३३ टक्के. निळा गडद होत गेला की एवढंच कळतं, यंदाचं वर्ष 'जास्त'च्या वाट्यात पडायची शक्यता वाढली. किती मिलिमीटर पडणार ते त्यात कुठेच नसतं. आणि हे 'जास्त' त्या त्या जागेच्या सरासरीपेक्षा. पश्चिम राजस्थानात सरासरीहून जास्त पडला तरी चमोलीच्या, म्हणजे आपली घाटी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या, नेहमीच्या पावसाची बरोबरी व्हायची नाही.

ताई: शिवाय काका, ती दोन महिन्यांची गोळाबेरीज आहे. महिनाभर कोरडं आणि आपण तिथे असताना तीन दिवस धो धो, तरी बेरीज 'साधारण'च येईल.

आई: इथे तर आठवडा झाला, थेंब नाही. कडक ऊन. तिकडेही उघडलं असेल की.

आत्या: वहिनी, नेमकं उलटं! मी गेल्या वेळी हाच हिशेब करून फसले होते. मोठं लिहिते, वाचा.

आपल्याकडे ऑगस्टमध्ये पावसाचा खंड पडतो ना, तेव्हा पाऊस संपलेला नसतो, जागा बदलून बसलेला असतो. राजस्थानपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांब पट्टा असतो. तो दक्षिणेला असला की मध्य भारतात आणि आपल्याकडे पाऊस. तोच उत्तरेला सरकून हिमालयाच्या पायथ्याला टेकला की आपल्याकडे ऊन आणि उत्तराखंडाच्या डोंगरात झड. त्यात पश्चिमेकडून वरच्या हवेत सरकत येणारा कमी दाबाचा पट्टा, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, येऊन भिडला तर विचारूच नका. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला जे झालं त्यामागे मान्सून आणि हा विक्षोभ एकत्र आले होते. २०२३ च्या जुलैत हिमाचलातही तेच. म्हणून इथल्या खिडकीतून बघून तिथलं ठरवू नका. इथे आठ दिवस कोरडे गेले की मी तिथली बातमी आधी बघते.

बाबा: मग सप्टेंबरअखेर जाऊ. मान्सून परतला की मोकळं.

ताई: बाबा, २०२१ ला मान्सून परतून गेला होता आणि १७ ते १९ ऑक्टोबरला उत्तराखंडाच्याच कुमाऊं भागात हाहाकार झाला. मुक्तेश्वरला २४ तासांत ३४०.८ मिमी.

आत्या: आणि परतीचा प्रवास पश्चिम राजस्थानातून सुरू व्हायची सरासरी तारीखच १७ सप्टेंबर आहे, उत्तराखंड त्यानंतर. तोवर घाटीतली फुलं गेलेली असतात. ऐन बहर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत. आपण आधीच शेपटाला चाललोय. फुलं येतात ती पावसामुळेच, तेव्हा कोरड्यात फुलं हा हट्ट सोडा.

चिंटू: मग लेह करूया का? तिथे पाऊसच नसतो, पर्जन्यछाया 😎

आत्या: पाऊस कमी असतो म्हणूनच तिथल्या डोंगराला त्याची सवय नाही. ऑगस्ट २०१० मध्ये लेहलाच ढगफुटीने किती माणसं गेली. आणि साडेतीन हजार मीटरवर विमानातून थेट उतरायचं, मोठ्या वहिनीचा बीपी बघता नको.

काकू: माझ्या बीपीला ग्रुपवर आणू नका.

मोठे काका: मग ढगफुटीचा अंदाज कुठे मिळतो ते सांग, तेवढा बघू आणि निघू.

आत्या: तो असा आधी मिळत नाही. वीस-तीस चौरस किलोमीटरात तासाला १०० मिमीच्या वर पडला तर ढगफुटी म्हणतात. एवढा छोटा तुकडा चार दिवस आधी कोण सांगणार? रडारवर दिसला तर पुढच्या दोन-तीन तासांचा इशारा येतो. आणि पूर आला की ढगफुटीच असते असंही नाही. उत्तरकाशीजवळच्या धराली गावात ५ ऑगस्ट २०२५ ला जो लोंढा आला त्याला सगळ्यांनी ढगफुटी म्हटलं, पण जवळच्या नोंदींत तेवढा पाऊस नव्हता. वर काय साचलंय, काय सुटलंय ते खाली उन्हात उभ्या माणसाला दिसत नाही. नाल्याच्या काठची खोली कितीही छान असली तरी घ्यायची नाही, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

बाबा: मग बघायचं काय?

आत्या: टप्प्याटप्प्याने. हा दोन महिन्यांचा नकाशा आता विसरा. खातं दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा अंदाज काढतं, त्यातून तो पट्टा कुठे असेल याचा वास लागतो. निघायच्या आठवड्यात डेहराडून केंद्राचे चमोली आणि रुद्रप्रयाग जिल्ह्यांचे इशारे. २४ तासांत ६४.५ मिमीपासून 'जोरदार', ११५.६ पासून 'अति जोरदार', २०४.५ पासून 'अत्यंत जोरदार'. इशाऱ्याचा रंग लाल किंवा नारिंगी असेल तर आहे तिथे थांबायचं. पण आधी चार दिवस पडून डोंगर भिजलेला असेल तर पिवळ्यातही दरड येते. मागे आम्ही जोशीमठच्या वाटेवर पीपलकोटीला दोन दिवस अडकलो तेव्हा लख्ख ऊन होतं. पुढे रस्त्याला 'पागल नाला' नावाचीच जागा आहे, काय समजायचं ते समजा. आमच्या टूरवाल्याने अंदाजाचा कागद बघितलाच नव्हता, वर रात्रीत गाडी काढतो म्हणाला. आम्ही उतरूनच राहिलो.

ताई: थंडी किती?

आत्या: किलोमीटरभर चढलं की साधारण ६ अंश उतरतात. जोशीमठला २२ असेल तर घाटीखालच्या मुक्कामाला, घांघरियाला, १५ आणि त्याच्याही वर हेमकुंड साहिब गुरुद्वाऱ्याला ७-८. त्यात भिजलेलं अंग. काकूंना म्हणावं छत्री घरी ठेवा, वर वारा ती उलटी करतो. पोंचो घ्या, सॅकवरूनही येतो.

काकू: काकू इथेच आहे, वाचतेय. पोंचो कुठल्या रंगाचा घेऊ?

आत्या: भडक. धुक्यात दिसला पाहिजे.

चिंटू: हेमकुंडला किती वाजता निघायचं?

आत्या: उजाडताच. दुपारनंतर वर ढग चढतात. दोनच्या आत खाली.

मोठे काका: ठीक आहे. २२ तारीख तशीच ठेवतो. पण ऋषिकेश ते गोविंदघाट एका दमात करायचं नाही, मध्ये मुक्काम. आणि शेवटी दोन दिवस रिकामे. परतीची तिकिटं ३० ऐवजी १ तारखेची बघतो. चालेल ना सगळ्यांना?

बाबा: 👍

ताई: 👍 मला रजा वाढवून घ्यावी लागेल, आज विचारते.

आई: रिकाम्या दोन दिवसांत पाऊस नाही पडला तर?

आत्या: तर बद्रीनाथ. नाहीतर जोशीमठला बसून पत्ते.

मोठे काका: पत्ते मी घेतो. तो नकाशा डिलीट करू का?