चर्चा: जावात एक्सेप्शन (प्रोग्रॅम चालताना उडालेली चूक) पकडला की तिथेच लॉग करायचा (नोंदवून ठेवायचा) का?

कॅचकर: शेजारच्या धाग्यात सल्ला दिलाय: "प्रत्येक कॅचमध्ये (एक्सेप्शन पकडतो तिथे) आधी लॉग, मग थ्रो (पुन्हा वर फेका). लॉग जास्त झाला म्हणून कुणी मरत नाही." डोकं फिरलं वाचून. डीएओ (डेटाबेसशी बोलणारा थर), त्यावर सर्व्हिस, त्यावर कंट्रोलर: एका चुकीचे तीन स्टॅकट्रेस (चूक कुठून आली त्याची यादी), तीन अलर्ट. पुन्हा जे थ्रो करणार ते लॉग कशाला? मूळ एक्सेप्शन नव्याचा कॉज (कारण) म्हणून आत ठेवा, सगळ्यात वर एकदाच छापा.

बॅचवाला: सल्ला माझाच. बॅच इन्सर्ट (अनेक नोंदी एकदम घालणं) फसला की खरा दोष बऱ्याचदा गेटनेक्स्टएक्सेप्शनच्या साखळीत (एकामागे एक जोडलेल्या एक्सेप्शनांत) असतो. लॉगर कॉज छापतो, ती साखळी नाही. वर बसून काय छापणार, कपाळ?

कॅचकर: साखळी डीएओत फिरा, एसक्यूएलस्टेट नि एररकोड (डेटाबेसने दिलेले चुकीचे क्रमांक) आपल्या एक्सेप्शनच्या मेसेजात भरा. लॉगची ओळ तरीही नकोच.

वॉर्नपुरे: डेडलॉकला (दोन कामं एकमेकांच्या लॉकवर अडकली तर) पहिल्याच फटक्यात एरर लेव्हल कशाला? मायएसक्यूएल डेटाबेसचा १२१३ (डेडलॉक), १२०५ (लॉकची वाट पाहून वेळ संपली) आला तर वॉर्न (नुसता इशारा) लिहा, रीट्राय करा. तिसऱ्यांदा फसला तर एरर.

कॅचकर: १२०५ आणि १२१३ एकाच माळेत? १२१३ला इनोडीबी (मायएसक्यूएलचं स्टोरेज इंजिन) अख्खं ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द व्हायच्या क्वेरींचा गट) मागे घेतं. १२०५ला डिफॉल्टने फक्त ते स्टेटमेंट. आधीचा अपडेट तसाच उघडा. तुम्ही एक्सेप्शन गिळून कमिट (कायम) केलंत की एका खात्यातून पैसे वजा, दुसऱ्यात जमा नाहीत. आधी स्वतः रोलबॅक (सगळं मागे), मग पहिल्या ओळीपासून.

वॉर्नपुरे: स्प्रिंगचं (जावाची फ्रेमवर्क) ट्रान्झॅक्शनल लावलंय की मेथडवर. आपोआप होतं.

बॅचवाला: आपोआप! रोलबॅक होतो रनटाइमएक्सेप्शन आणि एररला. एसक्यूएलएक्सेप्शन स्वतःच्या चेक्ड एक्सेप्शनमध्ये (जो पकडणं किंवा जाहीर करणं कंपायलर सक्तीचं करतो) गुंडाळून बाहेर फेकलात तर कमिट होतो, साहेब. ट्रान्झॅक्शनलमध्ये रोलबॅकफॉर लिहून तो एक्सेप्शन सांगा. आणि रीट्रायचा लूप ट्रान्झॅक्शनच्या बाहेर हवा. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आत ठेवलात तर पुढच्या प्रत्येक क्वेरीला २५पी०२ (ट्रान्झॅक्शन आधीच फसलंय).

वॉर्नपुरे: बरं, १२०५चं मानलं. ओरडायची गरज नव्हती.

बॅचवाला: मीही तीनदा लॉग करण्याचा हट्ट सोडतो, खूश? पण पोस्टग्रेसचा २३५०५ (डुप्लिकेट नोंदीची चूक) तुमच्या त्या 'एकदाच'मध्येही ग्राहकाचा ईमेल छापतोच. एररच्या डिटेल भागात अख्खी व्हॅल्यू असते.

कॅचकर: पोस्टग्रेसच्या कनेक्शन यूआरएलमध्ये लॉगसर्व्हरएररडिटेल फॉल्स करा.

बॅचवाला: मग नेमकं काय डुप्लिकेट झालं ते कसं कळणार?

कॅचकर: कन्स्ट्रेंटचं (डुप्लिकेट अडवणाऱ्या नियमाचं) नाव मेसेजात राहतं. नाव नीट ठेवलं असेल तर.