दीर्घ आजारपणात थकून जाणे हा अविश्वास आहे काय?

प्रश्न : एक भगिनी, खानापूर तालुका

प्रभूमध्ये सर्वांना सलाम. माझ्या यजमानांच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम करणे थांबवले, त्याला आता सातवे वर्ष चालू आहे. आठवड्यातून दोन वेळा पहाटेच्या बसने आम्ही बेळगावला डायलिसिससाठी जातो. यंत्रावरचे चार तास आणि येण्याजाण्याचा वेळ धरला तर अख्खा दिवस जातो, आणि घरी आल्यावर अंगात त्राण नसल्यामुळे ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत पडूनच असतात. त्यांचे दिवसभराचे पाणी मी सकाळीच मोजून एका बाटलीत भरून ठेवते. तहान फारच लागली तर बर्फाचा लहानसा खडा जिभेवर ठेवते. डाव्या हातावर शस्त्रक्रिया करून जी शीर जोडलेली आहे, तिला तिथे सगळे फिस्टुला म्हणतात. ती चालू असली की तिच्यावर तळहात ठेवल्यावर आत सूक्ष्म घरघर जाणवते. ती घरघर थांबली तर काय, या भीतीने मी रात्री दोन-तीन वेळा उठून हात चाचपून पाहते.

देवावरचा माझा विश्वास गेलेला नाही, परंतु प्रार्थनेला बसले की आता शब्द सुचत नाहीत. पहिली दोन वर्षे मंडळीने आमच्यासाठी उपास-प्रार्थना केल्या, पुढे हळूहळू विचारपूसही थांबली. गेल्या महिन्यात घरसभेला आलेल्या एका वडीलधाऱ्या बंधूंनी यजमानांच्या समोरच सांगितले की, इतकी वर्षे उत्तर येत नाही त्या अर्थी घरात कोठेतरी पाप दडलेले असावे किंवा विश्वास कमी पडत असावा. त्या दिवसापासून यजमान उपासनेला यायला तयार नाहीत. देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, हे यिर्मया संदेष्ट्याचे वचन आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेले आहे. अलीकडे ते वाचताना आधार वाटण्याऐवजी मन जड होते. थकून जाणे हा अविश्वास आहे काय, आणि आशा धरायची म्हणजे नेमके काय करायचे, हे जाणत्यांनी सांगावे.

उत्तर : निवृत्त शिक्षक, निपाणी

ताई, त्या बंधूंनी जे म्हटले त्याचे उत्तर योहानाच्या नवव्या अध्यायात आहे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने स्पष्ट सांगितले, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याच्या दुःखाचे कारण सांगू लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला. तेव्हा हा दोष आपण आणि आपल्या यजमानांनी मनावर घेऊ नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आता कॅलेंडरवरच्या वचनाविषयी. ते एकोणतिसाव्या अध्यायातले अकरावे वचन आहे, पण कॅलेंडरवर त्याच्या आधीचे वचन छापलेले नसते. तो संपूर्ण अध्याय म्हणजे बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना यिर्मयाने पाठवलेले पत्र आहे. त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल असे लोकांना सांगत होता, आणि ते ऐकायला गोड होते. यिर्मयाने मात्र त्या आधीच्या वचनात सत्तर वर्षे सांगितली. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी प्रौढ माणसांना परतीचा दिवस दिसणारच नव्हता, आणि तरीही त्यांनाच सांगितले गेले की घरे बांधा, मळे लावा, त्यांचे फळ खा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगरात तुम्ही आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. हिताचे संकल्प अशा माणसांना सांगितलेले आहेत. मला हे कळायला फार वर्षे लागली.

माझी आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करीत असे. वडील गेल्यावर आम्हा चौघांना तिने त्याच मजुरीवर वाढवले. संध्याकाळी घरी आली की तिच्या लुगड्याला येणाऱ्या तंबाखूच्या उग्र वासाने आम्हाला शिंका येत, म्हणून ती आधी अंगणात पदर झटकत असे आणि तिथेच उभी राहून म्हणत असे, "देवा, आजचे झाले, उद्याचे तू बघ." तिची सगळी प्रार्थना एवढीच असे. त्या काळी मला ती फार तोकडी वाटत असे.

उत्तर : रुग्णसेविका, बेळगाव

मी अनेक वर्षे डायलिसिस विभागात काम करीत आहे, म्हणून आधी कामाचे सांगते. फिस्टुला सकाळी आणि रात्री निजण्यापूर्वी तपासावी. घरघर जाणवली नाही तर मात्र लगेच रुग्णालयाला कळवावे. त्यासाठी आपण रात्रभर जागण्याची गरज नाही. ती तपासायला आपल्या यजमानांना स्वतःलाच शिकवा. आठवड्यातून दोन वेळा पुरेसे होते की तीन वेळा करायला हवे, हे डॉक्टरांना पुन्हा विचारा, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत टिकणारा इतका थकवा त्यांना सांगण्यासारखा आहे. मूत्रपिंड प्रत्यारोपणाचा विषय कोणी काढला नसेल तर तोही काढा. मृत दात्याच्या अवयवासाठी आपल्या कर्नाटक राज्यात जीवसार्थकते या संस्थेच्या प्रतीक्षायादीत नाव लागते आणि नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या रुग्णालयामार्फत होते. कागद कन्नडमध्ये असतील आणि अडचण आली, तर रुग्णालयातल्या समाजसेवकांना गाठावे; न समजता सही करू नये.

विश्वास कमी पडला म्हणणाऱ्यांना मार्काचा दुसरा अध्याय दाखवावासा वाटतो. कफर्णहूमात चौघांनी पक्षाघाती माणसाला उचलून आणले, गर्दीमुळे वाट मिळेना म्हणून छप्पर उघडले आणि बाज खाली सोडली. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. बाजेवरच्या माणसाने आधी विश्वासाची कबुली दिल्याचे तिथे कोठेही नाही. बाजेला चार कोपरे होते आणि चार माणसे होती. आपल्या घरी चारही कोपरे आपण एकट्याच धरून आहात. आपल्या मंडळीतल्या चार जणांनी महिन्यातून एकेकदा जरी यजमानांबरोबर बसने यायचे ठरवले, तरी आपल्याला महिन्यातून चार दिवस विसावा मिळेल. हे मागायला संकोच करू नका. त्या वडीलधाऱ्या बंधूंनाही अवश्य विचारा.

उत्तर : एक पाळक, चिकोडी

भगिनी, घरसभेत जे बोलले गेले त्याबद्दल एक पाळक म्हणून मी आपली क्षमा मागतो. गुरुजींचे विवेचन मला मान्य आहे, एका गोष्टीची फक्त भर घालतो. सत्तर वर्षांचा हिशेब समजून घ्यावा, परंतु त्यामुळे बरे होण्यासाठी मागणे सोडू नये. लूकाच्या अठराव्या अध्यायातली विधवा न्यायाधीशाचे दार सोडत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीन वेळा विनंती केली, काटा राहिला, कृपा पुरेल असे उत्तर मिळाले, आणि तो काम करीत राहिला. पंडिता रमाबाई आपल्याच कर्नाटकातल्या सह्याद्रीत १८५८ साली जन्मल्या. दुष्काळाच्या वर्षांत आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती गेले, आणि १९२१ साली, स्वतःच्या मृत्यूच्या आदल्या वर्षी, एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. त्याही स्थितीत पवित्र शास्त्राच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. त्या थकल्या नसतील असे मला वाटत नाही.

ख्रिस्ती माणसाची शेवटची आशा देहाच्या पुनरुत्थानात आहे, हे मी प्रत्येक अंत्यविधीला सांगतो. मात्र जिवंत माणसाचे कण्हणे बंद करण्यासाठी ते वापरू नये, असे मला वाटते. शब्द सुचत नसतील तर अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचा. बाकीच्या बहुतेक विलापस्तोत्रांत शेवटी स्तुती किंवा भरवसा येतो. हे स्तोत्र अंधारातच संपते. तरीही ते उपासनेच्या गीतांमध्ये राखून ठेवलेले आहे, आणि त्याची सुरुवात देवाला तारणारा म्हणून हाक मारून होते.

प्रश्नकर्त्या भगिनी

सर्वांचे मनापासून आभार. शुक्रवारी डायलिसिस चालू असताना मी त्यांच्या खुर्चीजवळ स्टुलावर बसून अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र हळू आवाजात वाचले. त्यांनी डोळे मिटलेले होते, त्यामुळे ते झोपले असावेत असे मला वाटले. वाचून झाल्यावर त्यांनी विचारले, "हे खरोखर शास्त्रात आहे?" मी पान दाखवले. बराच वेळ ते यंत्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "पुन्हा वाच." येत्या बुधवारी आमच्या शेजारच्या गावातला मंडळीतला एक तरुण त्यांच्याबरोबर बसने जाणार आहे. रात्रीचा हात आता ते स्वतःच तपासतात. काल मात्र सवयीने मला एकदा जाग आली.