व्हेरिएबल बदललं, तरी रेघ जुन्याच रंगाची का?

प्रश्न असा आहे: पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मुलाने रंगाचं व्हेरिएबल (किंमत ठेवायची, नाव दिलेली जागा) बदललं, तरी टर्टलची, म्हणजे पडद्यावर पेन फिरवून चित्र काढणाऱ्या पायथनमधल्या साधनाची, रेघ आधीच्याच रंगात का येते? सांगलीत विश्रामबागला मी सातवी-आठवीच्या मुलांना पायथन शिकवते, हा प्रश्न दर बॅचला येतोच.

पेनचा रंग ठरवणारी पेनकलर(रंग) ही ओळ चालते त्या क्षणी व्हेरिएबलमधली किंमत पेनला मिळते. नंतर व्हेरिएबलमध्ये दुसरं काही ठेवलं तर पेनला त्याचा पत्ताच नसतो. मी मुलांना वाटी दाखवते. वाटीतल्या हळदीत बोट बुडवलं, मग वाटी रिकामी करून कुंकू भरलं, तर बोट पिवळंच राहणार ना? पुन्हा बुडवायला हवं, म्हणजे पेनकलरची ओळ पुन्हा लिहायला हवी. आधी काढून झालेली रेघ मात्र तशीच राहते.

व्हेरिएबलचं नाव अवतरणचिन्हात घालू नका, टर्टल त्या नावाचा रंग शोधतो आणि एरर देतो. रंग नावाऐवजी लाल, हिरवा, निळा यांच्या प्रमाणाने सांगताना २५५ पर्यंतचे आकडे वापरायचे तर आधी कलरमोड २५५ करा, एरवी तो ० ते १ मधल्याच किमती घेतो.

आणि हे जरूर करून बघा: पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं! फक्त आकडे इंग्रजीत टाइप करायचे. आमच्याकडे मुलांनी हळद, शेंदूर, द्राक्ष अशी नावं ठेवून सांगलीतल्या आयर्विन पुलाच्या कमानी काढल्या. एकीला सगळा पूल शेंदरी हवा होता. तिने प्रोग्रॅमच्या सुरुवातीची, व्हेरिएबलमध्ये रंग ठेवणारी एकच ओळ बदलून प्रोग्रॅम पुन्हा चालवला, आणि तिचा चेहरा असा खुलला!