समुद्र 120 मीटर खाली असताना प्रवाळांतील खेकडे कुठे होते?

विद्यार्थिनी, ताळगाव

मी प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात असून प्रवाळांत राहणाऱ्या खेकड्यांच्या जनुकीय विविधतेवर टिपण लिहीत आहे. सुमारे 20,000 वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्रपातळी आजच्यापेक्षा 120 मीटरच्या आसपास खाली होती. म्हणजे मुरगावच्या पश्चिमेला आज जिथे ट्रॉलर जाळी ओढतात ती बहुतेक समुद्रबूड जमीन कोरडी होती आणि ग्रांदे बेट ही मैदानातली एक टेकडी होती. अशा वेळी उथळ पाण्यातील खेकडे घटून त्यांची विविधताही घटायला हवी होती. तरीही अनेक अभ्यासांत हॅप्लोटाइप विविधता (एकाच जनुकाची किती वेगवेगळी रूपे, म्हणजे हॅप्लोटाइप, आढळतात) भरपूर आणि न्यूक्लिओटाइड विविधता (त्या रूपांत डीएनएच्या अक्षरांचा किती फरक आहे) कमी आढळते. याची संगती कशी लावावी?

खाडीकाठ, पणजी

पाणी किती उतरले याआधी ते कशावरून उतरले हे पाहावे. गोव्यासमोरचा तळ रुंद आणि सपाट असल्याने किनारा पार खंडान्त उताराच्या (उथळ तळ संपून खोल समुद्र सुरू होतो त्या उताराच्या) कडेपर्यंत सरकला आणि त्यापलीकडे तळ झपाट्याने खोल होत असल्यामुळे उथळ पाण्याचा जेमतेम एक पट्टा उरला. लक्षद्वीपच्या कंकणद्वीपांची (प्रवाळांच्या कड्यासारख्या बेटांची) गोष्ट निराळी आहे. तिथली काही मीटर खोलीची लगून (कड्याच्या आतली उथळ सरोवरे) पूर्ण कोरडी पडली, पण बाहेरच्या तीव्र उतारावर प्रवाळांना आणि त्यांच्या फांद्यांत राहणाऱ्या ट्रॅपेझियासारख्या खेकड्यांना पाण्याबरोबर खाली सरकायला वाव होता. म्हणून एकाच बेटावरच्या दोन जातींचे इतिहास वेगळे असू शकतात: लगूनमधील जातीला संख्येची मोठी घट सोसावी लागते, उतारावरच्या जातीला तितकी नाही. फ्रेंच पॉलिनेशियातील प्रवाळ-माशांवरील 2003 च्या अभ्यासात नेमका असाच फरक दिसला होता. खेकड्यांबाबतही तीच अपेक्षा धरणे मला रास्त वाटते, मात्र ती जातीगणिक तपासावी लागेल.

तुम्ही सांगितलेले चित्र घटीनंतरच्या विस्ताराचे आहे. थोडे हॅप्लोटाइप वाचतात, अधिवास पुन्हा पसरला की संख्या झपाट्याने वाढते आणि नवे हॅप्लोटाइप मूळ हॅप्लोटाइपपासून एकदोन बदलांच्याच अंतरावर निर्माण होतात. त्यामुळे त्यांची संख्या पुष्कळ, पण आपापसांतला फरक किरकोळ. शिवाय परिणामी संख्या (विविधतेच्या दृष्टीने प्रत्यक्षात मोजली जाणारी संख्या) हरात्मक माध्याने ठरते, आणि त्यात लहान आकड्यांचे वजन जास्त असते. दहा पिढ्यांपैकी नऊ पिढ्यांत 1,00,000 आणि एकीत 1,000 खेकडे असतील, तर ती साधारण 9,200 भरते. भरभराटीच्या नऊ पिढ्या त्या एका वाईट पिढीची भरपाई करू शकत नाहीत.

जनुकवाचक, मडगाव

वरील विवेचन मान्य आहे, पण हा विस्तार 20,000 वर्षांपूर्वीच्याच घटीनंतरचा, असे केवळ सीओआय या मायटोकाँड्रियातल्या एका जनुकावरून म्हणू नये. जमैकातील सेसार्मा खेकड्यांवरून काढलेला, दोन वंशरेषांत दशलक्ष वर्षांत सुमारे 2.3 टक्के फरक हा दर धरला, तर त्या जनुकाच्या 658 अक्षरांच्या तुकड्यात 20,000 वर्षांत सरासरी एक-तृतीयांश बदल होतो, म्हणजे एक पूर्ण बदलसुद्धा नाही. अल्प काळात हा दर जास्त दिसतो हे खरे, तरीही हॅप्लोटाइपांच्या जाळ्यात दिसणारा तारा (मधल्या मूळ रूपाभोवती जवळची नवी रूपे) त्याआधीच्या एखाद्या हिमचक्रातला असण्याची शक्यता उरतेच. अलीकडची घट पाहायची असेल तर संपूर्ण जनुकसंचातील एसएनपी (डीएनएतले एकेका अक्षराचे फरक) लागतील. सीओआयचा एकच आलेख काढून थेट हिमयुगाची तारीख देणारे लेख मला तरी घाईचे वाटतात.

विद्यार्थिनी, ताळगाव

दोघांचेही आभार. मग ग्रांदे बेटाभोवतीच्या खेकड्यांची विविधता तिथल्या तळावरून समजेल का?

खाडीकाठ, पणजी

एकट्या तळावरून नाही. ती टेकडी पाण्याने वेढली गेल्यानंतरच खेकडे तिथे पोहोचले, आणि पातळी आजच्या जवळपास येऊन सुमारे 7,000 वर्षेच झाली आहेत. त्यांच्या अळ्या काही आठवडे प्रवाहासोबत वाहतात, आणि आपल्या किनाऱ्याचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे तर हिवाळ्यात उत्तरेकडे जातो. त्यामुळे तिथली विविधता बरीचशी बाहेरून आलेली असेल. त्यात मांडवी-झुवारीचा गाळ आणि पावसाळ्यातले गोडे पाणी. ते सोसणाऱ्या जातीच टिकतात. लक्षद्वीपच्या एका उतारावरच्या आणि एका लगूनमधल्या जातीशी तुलना केलीत तर टिपण अधिक भक्कम होईल.

जनुकवाचक, मडगाव

नमुन्यांसाठी जिवंत प्रवाळ फोडू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्यांचा समावेश आहे, आणि परवानगीसाठी मार्गदर्शकांमार्फत वन खात्याकडेच जावे लागेल. टिपणाची तारीख जवळ असेल, तर जेनबँक या डीएनए-अनुक्रमांच्या सार्वजनिक संग्रहात आधीच असलेल्या ट्रॅपेझियाच्या सीओआय अनुक्रमांवर काम सुरू करा.