मदत हवी आहे: रंगाच्या सांडपाण्यासाठी उसाची चिपाडं आणि जिवाणू

नमस्कार मंडळी,

साकीनाक्याला मामांचं कापड रंगवायचं छोटं युनिट आहे. सगळं कॉटन, त्यामुळे रिॲक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक बंध करणारे). सांडपाण्यात आम्ही तुरटी-चुना घालतो, पण हे रंग पूर्ण विरघळलेले असतात, तळाशी धड बसत नाहीत. डोस वाढवला की गाळ वाढतो आणि तो तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचा खर्च वेगळाच.

म्हणून विचार केला, पाणी आधी चिपाडांतून सोडावं, मग जिवाणूंच्या टाकीत. चिपाडांना तोटा नाही. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला तर 'घेऊन जा एकदाची' म्हणतो. सुकवून, बारीक करून पाईपात ठासून भरली. वरून निळं पाणी ओतलं, खालून कोऱ्या चहासारखं आलं. निळा थोडा उतरला, पण दुसऱ्या दिवशी आंबूस वास. सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) करून आणला तर आत जाणाऱ्या पाण्यापेक्षा बाहेरच्याचाच जास्त! प्रदूषण मंडळाच्या आमच्या संमतीपत्रात सीओडीची मर्यादा २५० मिग्रॅ/लिटरची आहे. मामांनी रिपोर्ट वाचला आणि काही न बोलता माझ्या हातात दिला.

चिपाडातली साखर गरम पाण्याने निघेल का? जिवाणूंसाठी शेण चालेल का? आमच्या पाण्यात मीठ भरपूर आणि सोडा ॲशमुळे पीएच १०-११, त्यात ते तगतील का? (कल्चर पावडर विकणाऱ्यांनी कृपया लांब राहावे.)

बोईसरकर:
गरम पाण्याने साखर बरीच निघेल, पण अडचण ती नाही. रिॲक्टिव्ह रंग ऋणभारित, आणि त्या पीएचला चिपाडही ऋणभारित. चिकटणार कसे? पीएच २-३ वर आणलात तर चिकटतील, पण ॲसिडचा खर्च बघा. त्यापेक्षा चिपाडं जिवाणूंना राहायला आणि खायला द्या, साखरेसकट. पाणी थंड करून पीएच ७ च्या आसपास आणा. पहिली टाकी बिनहवेची, कारण हवा असली की ॲझो रंगाचा (बरेचसे रिॲक्टिव्ह रंग हेच) नायट्रोजन-नायट्रोजन बंध जिवाणूंकडून सहसा तुटत नाही. तुटल्यावर ॲरोमॅटिक अमाईन्स तयार होतात. त्यांना रंग नसतो, पण काही विषारी असतात, म्हणून दुसऱ्या टाकीत हवा द्यायलाच हवी. नुसतं पाणी पांढरं झालं म्हणून गटारात सोडू नका.

शेणापेक्षा एखाद्या चालू डाईंग ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) गाळ आणा, त्यातल्या जिवाणूंना मिठाची सवय असते. डायबाथचं (कापड रंगवायच्या द्रावणाचं) खारं पाणी वेगळं साठवून धुण्याच्या पाण्यात थोडं थोडं मिसळा. आणि निळा कोणता? टर्क्वाईज असेल तर त्यात ॲझो बंधच नाही, तांबं असतं. जिवाणू त्याचं फारसं काही करत नाहीत.

धागाकर्ता:
अरे देवा, टर्क्वाईजच आहे. काळ्यासाठी ब्लॅक बी वापरतो, तो ॲझो ना? मग टर्क्वाईजचं पाणी वेगळं काढून फक्त त्यालाच तुरटी देऊ का? आणि बिनहवेच्या टाकीच्या वासाचं काय करता? आमच्या भिंतीला लागूनच चाळ आहे.