पोर्तो रिको : दिवसभराच्या भटकंतीचे अनुभव सांगा

डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीला असतील. पोर्तो रिको अमेरिकेतच मोडतं, वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून तिकडे न्यायचं ठरतंय. मुक्काम सॅन ह्वानला. किल्ले, जंगल, समुद्र, जे केलं असेल ते लिहा. काय चुकलं तेही.

*

आधी चंद्र बघा, मग विमानाची तिकिटं काढा. आम्ही उलटं केलं. अंधारात पाणी चमकतं म्हणून फहार्दोच्या लगुना ग्रांदे या खाजणात रात्री कयाक घेऊन गेलो ते नेमके पौर्णिमेच्या आदल्या दिवशी. खारफुटीच्या फांद्यांखालून वल्हवत जायला मजा आली, पण आत पोचलो तर लख्ख चांदणं आणि पाणी नुसतंच काळं. दोन वर्षांनी अमावास्या गाठून व्हिएकेस बेटावरच्या अशाच मॉस्किटो बे या खाडीत गेलो. वल्हं बुडवलं की निळसर उजेड उसळतो. कडेनं मासा पळाला की त्याची अख्खी रेघ उमटते. पाण्यातले सूक्ष्म जीव हलले की चमकतात, एवढंच कारण. भंडारदऱ्याचे काजवे पाहिलेत मी, तरी इथे आम्ही दोघं कितीतरी वेळ बोललोच नाही. तिथे पोहायला बंदी आहे आणि ती हवीच; अंगावरचं सनस्क्रीन, डासांचं औषध त्या जिवांना बाधतं.

*

कुलेब्रा बेटाची फेरीबोट सेइबा गावाहून सुटते. तिकिटं आधी काढा. भाड्याची गाडी धक्क्यावरच ठेवावी लागते, पलीकडे व्हॅन मिळते. तिथल्या फ्लामेंको किनाऱ्याच्या पांढऱ्या वाळूत अमेरिकी नौदलाचे गंजके रणगाडे अजून आहेत, लोकांनी रंगवलेले. इथल्या रहिवाशांनी आंदोलन करून 1975 मध्ये नौदलाचा सराव बंद पाडला. मुलांना हे सांगूनच पाण्यात सोडलं.

*

गुडघे दुखत असले तरी आईंना एल युंकेच्या जंगलात न्याच. ला कोका धबधबा रस्त्याला लागूनच आहे, गाडीतून उतरलं की समोर. माझ्या सासूबाई सावंतवाडीच्या. धुकं, टपटपणारी झाडं आणि माणसापेक्षा उंच नेची बघून म्हणाल्या, "ही तर आपली आंबोली!" 2017 च्या मारिया वादळात हे जंगल पार झोडपलं गेलं होतं, आता पुन्हा दाट झालंय. पाऊस कधीही येतो, छत्री ठेवा. आणि अंधार पडेपर्यंत आसपास थांबा. अंगठ्याएवढा कोकी बेडूक "को-की, को-की" ओरडतो, ते ऐकल्याशिवाय परतू नका.

*

बाबांसाठी एल मोरो! 1539 मध्ये बांधायला घेतलेला किल्ला, पुढे मोठं हिरवं मैदान आणि समुद्रावरचा वारा. तिथे सगळे पतंग उडवतात. माझ्या बाबांनी सत्तरीत तासभर ढील दिली.

*

परतताना विमानतळावर सामान तपासतात, आंबे नेऊ देत नाहीत. जूनमध्ये आमचे सगळे तिथेच राहिले. खोलीवरच खाऊन घ्या.